आज तुम्ही द्वारकेला

मिलमध्ये हिशेबनीस म्हणून माझा पहिला दिवस होता आणि मला ऑफिस सापडत नव्हतं. उज्जैनच्या मक्सी रोडवरच्या त्या पोहा मिलच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला कडुनिंबाचं झाड, झाडाखाली खाट, आणि खाटेवर एक धिप्पाड मिशीवाला गृहस्थ मांडीवर पेपर पसरून बसलेला. बाजूला चहाचा ग्लास. मी जवळ जाऊन विचारलं, "भैया, ऑफिस किधर है?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, परत मिटलं आणि मान वळवली. मला वाटलं, ऐकू येत नसेल. मी जरा मोठ्याने विचारलं. आता त्याच्या चेहऱ्यावर एवढी तळमळ दिसायला लागली की मीच दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात पाठीवर पोतं घेतलेला एक जण जाता जाता म्हणाला, "मॅडम, उनसे मत पूछो. वो द्वारका गए हैं."

समोर बसलेला माणूस द्वारकेला गेलाय, हे ऐकल्यावर मला आईचं बोलणं आठवलं. नानाखेड्याहून एवढ्या लांब, कोण कुठल्या मिलमध्ये नोकरी करायला कशाला जातेस, असं ती सकाळीच म्हणाली होती.

ऑफिस सापडलं. तिथे एक उंच, काटकुळे गृहस्थ खिडकीपाशी उभं राहून कोरडे पोहे चावत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी शर्टाच्या डाव्या खिशातून चिमूटभर पोहे काढून माझ्या हातावर ठेवले. मग उजव्या खिशातून चिमूटभर काढून दुसऱ्या हातावर ठेवले.

"खा. फरक सांग."

मी दोन्ही खाल्ले. मला काहीच फरक कळला नाही, आणि मी तसं सांगून टाकलं.

"बराबर," ते खूश होऊन म्हणाले. "कळला नाही तर नाही म्हणायचं. आता जागा बघून बस."

हे मिलचे मालक. त्यांचं नाव घेऊन हाक मारणारं माणूस मला मिलमध्ये कधी भेटलं नाही. हमालांपासून दलालांपर्यंत सगळ्यांचे ते काका. डाव्या खिशात आपल्या मिलचे पोहे आणि उजव्या खिशात दुसऱ्या कुणाच्या तरी मिलचे, हा त्यांचा रोजचा खुराक. फ्रीगंजातल्या एका शिंप्याकडून ते मुद्दाम दोन खिशांचे शर्ट शिवून घेत. दिवसभर चावणं चालू. घरी मात्र कांदेपोहे केले की म्हणत, "काही तरी दुसरं दे गं, पोहे काय खायचे."

त्यांच्या घराण्यात धंदा कुणी केला नव्हता. पूर्वज दरबारी कारकून म्हणून माळव्यात आले, पुढच्या पिढ्या मास्तर, तहसीलदार, रेल्वेत बाबू. मिल सुरू केली ती काकांच्या थोरल्या भावाने. धंद्यातले बाकी लोक काकांना थोडं वेडसरच समजत, कारण दुसऱ्या मिलचा मालक सहज म्हणून आला तरी काका त्याला आतपर्यंत फिरवून आणत. हे बघा, इथे धान गरम पाण्यात भिजतं, ही भट्टी, इथे भाजतं, इथे चपटं होतं, इथे चाळलं जातं. किती वेळ भिजवतो तेही सांगत. मी एकदा म्हटलं, "काका, तो सगळं बघून गेला."

"जाऊ दे. बघून गेला म्हणजे त्याच्याकडेही जायचा रस्ता खुला झाला. आता पुढच्या हप्त्यात मी त्याच्याकडे जाणार. तो मला चहाच पाजून परत पाठवेल का?"

आणि खरंच गेले. येताना उजवा खिसा भरून आणला.

द्वारकेचं प्रकरण मला हळूहळू समजलं. काका सकाळी मिलमध्ये शिरत आणि कुणा एकाकडे बोट दाखवत. "आज तुम द्वारका गए." त्या माणसाने तिथल्या तिथे हातातलं काम ठेवायचं, झाडाखालच्या खाटेवर जाऊन बसायचं. चहा मिळे, नाश्ता मिळे, पेपर मिळे. फक्त बोलायचं नाही. हातवारे नाहीत, डोळ्यांनी खुणा नाहीत. मिलमधल्यांनी असं समजायचं की हा माणूस गावात नाही, त्याचा फोन लागत नाही, आणि काम तर व्हायलाच पाहिजे. कोण कधी जाणार ते कुणालाच ठाऊक नसे. मी पहिल्या दिवशी पाहिलेला मिशीवाला म्हणजे रामरतन, मिलचा भट्टीवाला. त्याच्या नशिबी द्वारका सगळ्यात जास्त.

पूर्वी म्हणे काका म्हणायचे, "आज तुम स्वर्गवासी." ते रामरतनच्या बायकोच्या कानावर गेलं आणि ती थेट फाटकावर येऊन उभी राहिली. हा किस्सा मिलमध्ये प्रत्येकजण वेगळा सांगतो, पण मुद्दा एकच.

"मेरा आदमी जिंदा है और तुम उसको स्वर्गवासी बोलते हो? शरम नहीं आती?"

काका हात जोडून उभे. "बाई, चूक हो गई. पण त्याला कुठे तरी भेजना तो पड़ेगा ना."

"तो तीरथ भेज दो!"

"तीरथ में तो हम बैठे हैं. सारी दुनिया इधर आती है. उज्जैन का आदमी तीरथ करने कहाँ जाएगा?"

तिने जरा विचार केला म्हणे. "द्वारका. मेरी बड़ी इच्छा है."

त्या दिवसापासून द्वारका. आणि त्याच थंडीत काकांनी रामरतनला बायकोसकट खरोखर द्वारकेला पाठवलं. तिथून आणलेला शंख बरेच दिवस मिलच्या देवघरात होता.

रामरतन आधी असा नव्हता. भट्टीतून धान काढायची वेळ झाली की तो सगळ्यांकडे पाठ फिरवून उभा राहायचा, मूठभर धान हातात घ्यायचा, काय बघायचा ते त्यालाच ठाऊक, आणि "निकालो" म्हणून ओरडायचा. शेजारी काम करणाऱ्यालाही तो हात दिसू द्यायचा नाही. हे मला त्यानेच सांगितलं, मिशीतल्या मिशीत हसत. "मॅडम, मैं सोचता था, दिखा दिया तो कल दूसरा रख लेंगे." काकांनी त्याला द्वारकेला पाठवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या वेळी भट्टीतली अख्खी खेप करपली. काकांनी करपलेलं धान उचलायला लावलं आणि रामरतनचा पगार वाढवला. पुन्हा पाळी यायच्या आतच रामरतनने दोघांना बोलावून हात उघडून दाखवला. "अपनी भट्टी का माल जलते देखा नहीं जाता, मॅडम."

माझी पाळी आली ती जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला. काका चावत चावत टेबलापाशी आले.

"अगं, आज तू द्वारकेला."

"काका, आज नको. शेवटची तारीख आहे."

"म्हणूनच. माणसं शेवटच्या तारखेलाच आजारी पडतात."

मी खाटेवर जाऊन बसले. खिडकीतून माझं टेबल दिसत होतं. पॅकिंगचा मुकादम आणि रामरतन माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून पडद्याकडे असे बघत होते, जसं काही तो आता भट्टीसारखा धूर सोडेल. "मॅडम ने पासवर्ड क्या रखा होगा?" हे मला स्पष्ट ऐकू आलं. आधी मजा वाटली. मग उठून पासवर्ड सांगून टाकावासा वाटला. आणि दुपारनंतर, सीएच्या ऑफिसला फोन करकरून त्यांनी ते काम मार्गी लावलं, तेव्हा मला चक्क राग आला. आपल्याशिवाय काम होतंय हे खाटेवर बसून बघताना माणसाला कसला राग येतो, ते अनुभवल्याशिवाय समजत नाही. त्या रागाच्या तळाशी भीती असते. उद्या माझी गरज काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला चहाला बोलावलं. कुठे अडलं, काय चुकलं, काहीच विचारलं नाही.

"कुणी काय काय विचारलं, ते सांग."

मी आठवून आठवून प्रश्न सांगितले. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"चुका सगळ्यांना दिसतात," ते म्हणाले. "प्रश्न कुणी ऐकत नाही. ज्या प्रश्नावर दोघं अडले, तेवढंच त्यांना शिकव. जास्त नको, माणसं पळून जातात."

त्या मिलमध्ये द्वारकेहून आलेल्या माणसाला कधी कामावरून काढलं का, हे मी नंतर जुन्या लोकांना खोदून खोदून विचारलं. कधीच नाही. त्यामुळेच लोक आपलं काम दुसऱ्याला उघडून सांगायचे. एवढी साधी गोष्ट, पण ती किती अवघड आहे हे मला पुढे इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत गेल्यावर कळलं. तिथे मालक असा कुणी दिसायचाच नाही. साहेब होते, फार सभ्य. "माझं दार सगळ्यांना उघडं आहे" असं म्हणायचे, आणि ते खरोखर उघडं असायचं. दर शुक्रवारी आपापलं ज्ञान वाटून घ्यायची सभा भरायची, समोसे यायचे, पडद्यावर चित्रं दिसायची. प्रत्येकजण सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट छान इंग्रजीत सांगायचा. कारण वर्षाअखेरीला त्याच टेबलाभोवती बसलेल्यांमधून कोण वर आणि कोण खाली हे ठरणार होतं. माझ्या शेजारची मुलगी तिच्या फायली मला दाखवायची नाही आणि मी माझ्या तिला नाही. आम्ही एकमेकींच्या वाढदिवसाला केक मात्र आणायचो. तिथे बसून मला काकांची खाट आठवायची.

पण काकांबद्दल मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिलमध्ये आल्या-गेल्याला सगळं सांगणारा हा माणूस स्वतःच्या मुलाला काहीच सांगत नसे.

अनिकेत त्यांचा एकुलता एक. पुण्यात शिकला, तिथेच नोकरी केली आणि मी लागले त्याच्या पुढच्या वर्षी मिल बघायला म्हणून परत आला. हुशार होता, अदबीने बोलायचा. "बाबा, हे धान आपण जास्त वेळ का भिजवतो?" असं विचारायचा, आणि काका खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "रामरतनला विचार." काहीही विचारलं तरी रामरतनला विचार, मुकादमाला विचार, हिला विचार. तेच काका पाच मिनिटांनी एखाद्या नव्या हमालाला धान हातात देऊन तेच समजावताना दिसायचे.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत अनिकेत माझ्यासमोर डबा उघडून बसला, पण जेवेना.

"तुला काय वाटतं? माझ्यावर विश्वास नाही त्यांचा?"

मी म्हटलं, "तसं नसेल."

"मग काय असेल? बाहेरच्या मिलवाल्याला फिरवून आणतात. मी काय चोर आहे?"

मी काकूंना विचारलं. दिवाळीच्या आधी फराळाला लागणारे पातळ पोहे घेऊन मी टॉवर चौकाजवळच्या त्यांच्या घरी गेले होते. काकू चिवड्यासाठी शेंगदाणे निवडत होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मुलाबद्दल काही सांगितलं नाही, थोरल्या दिरांबद्दल सांगितलं.

"मोठे भाऊजी कुणाला काही सांगायचे नाहीत. ह्यांनाही नाही. हे रेल्वेत होते तेव्हा. मिल म्हणजे भाऊजी आणि भाऊजी म्हणजे मिल. मग त्यांना झटका आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बरं का. पण बोलता येईना, हात चालेना. मिलचे लोक घरी यायचे, पलंगाभोवती उभे राहायचे, मालक, ये कैसे करें, वो कैसे करें. आणि भाऊजी नुसते बघायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. हे रोज उशाशी बसून एकेक अक्षर बोलत जायचे, बरोबर अक्षर आलं की भाऊजी डोळे मिटायचे. किती दिवस चालणार ते? एका बाजूला मिल बुडत होती आणि एका बाजूला भाऊ."

त्यांनी परात बाजूला सारली.

"ह्यांनी रेल्वे सोडली आणि मिल हातात घेतली. तेव्हापासून हे असले वेडे धंदे. मी काही बोलत नाही."

काकांनी मला ही गोष्ट कधी सांगितली नाही. मीही कधी काढली नाही.

त्या दिवाळीच्या तोंडावरच काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना इंदूरला दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं. मिल थांबली नाही. भट्टी चालली, चाळण्या चालल्या, गाड्या वेळेवर भरल्या गेल्या. रामरतनला ताप आला तर दुसऱ्याने भट्टी सांभाळली. धंद्यातले लोक मिल चालते का ते बघायला यायचे आणि बघून परत जायचे.

फक्त एक काम कुणालाच येत नव्हतं. धान विकत घेणं. माळव्यात धान पिकत नाही, ते बाहेरून येतं. दलाल लहान लहान पिशव्यांत नमुने घेऊन येतात, नमुना बघून सौदा होतो. हे काम काका स्वतः करायचे. चार दाणे दाढेखाली धरून चावायचे, कान दिल्यासारखी मान तिरपी करायचे, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. आणि गंमत अशी की सगळ्या मिलला द्वारकेला पाठवणारे काका स्वतः एकदाही खाटेवर जाऊन बसले नव्हते. त्यांच्याकडे बोट दाखवणारं कोण होतं?

अनिकेतने नमुने बघून सौदा केला. धान स्वच्छ होतं, पिवळंधमक. पण नवं आणि जुनं एकत्र मिसळलेलं होतं. अर्धं लवकर भिजलं, अर्धं भिजलंच नाही. यंत्राखालून पोह्यांऐवजी निम्मा चुरा पडायला लागला. दिवाळीचा माल. नागपूरच्या जुन्या गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. अनिकेत परत आलेल्या पोत्यांपाशी बराच वेळ उभा होता. मग ऑफिसात येऊन त्याने मला सांगितलं, "बाबा घरी आले की मी पुण्याला जातो. जुन्या साहेबांशी बोललोय."

काकूंनी मला फोन केला. "तू जाऊन ह्यांना सांग. मी सांगितलं तर नुसतं हं म्हणतील."

मी देवास गेटवरून बस धरून इंदूरला गेले. काका पलंगावर बसले होते, आजारी माणसाच्या सदऱ्यात, खिसे नसलेल्या. मी सगळं सांगितलं. गाडी परत आली ते सांगितलं, पुण्याचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग मी जे विचारायचं ठरवलं नव्हतं तेही विचारून बसले.

"काका, तुम्ही त्याला का शिकवत नाही?"

शेजारच्या पलंगावरचा पेशंट कूस बदलून आमच्याकडे बघायला लागला.

"अगं, तो चौथीत होता. मी त्याला गणित शिकवायला बसायचो. पहिलं वाक्य नीट निघायचं. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढायचा. का चढायचा, मला आजही माहीत नाही. दुसऱ्याची मुलं चुकली तर मला मौज वाटते. हा चुकला की छातीत काही तरी होतं. एक दिवस तो पाटी घेऊन माझ्यासमोर आला आणि त्याचे हात थरथरत होते. त्या दिवशी ठरवलं, याला आपण शिकवायचं नाही. दुसऱ्या कुणाकडून शिकेल तो. रामरतन चांगला शिकवतो. ओरडत नाही."

"त्याला वाटतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा अर्थ निघू शकतो हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"आणि धानाचं?" मी विचारलं. "ते तर रामरतनलाही येत नाही."

"ते मला कुणी विचारलंच नाही."

"कोण विचारणार तुम्हाला? तुम्ही मालक."

ते हसायला गेले आणि टाके दुखले म्हणून थांबले. मग दाढेवर बोट ठेवून सांगायला लागले. "हे बघ, जुनं धान दाताखाली कट्कन तुटतं. नवं जरा दबतं, मग तुटतं. मिसळलेलं असलं ना, की... म्हणजे..." हात हवेत फिरवला. "ते आपोआप समजतं." परत सुरुवात केली, परत तिथेच अडले. इतक्या वर्षांत सगळ्यांना बोलतं करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य पुरं करता येईना. त्यांचे डोळे भरून आले. मला काकूंनी सांगितलेला तो दुसरा पलंग आठवला, आणि मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले.

घरी आल्यावर, अनिकेतची बॅग भरलेली असताना, काकांनी त्याला एवढंच म्हटलं, "एक महिना थांब. मला सांगता येत नाही. पण तू धान घे, मी शेजारी बसतो. बोलणार नाही."

"तुम्ही? बोलणार नाही?"

"मी द्वारकेला."

मिलमध्ये ही बातमी पसरली तेव्हा त्या दिवशी दलाल यायच्या वेळी प्रत्येकाला काही ना काही काम अंगणातच निघालं. काका खुर्चीवर बसले, अनिकेत बाकावर. दलालाने ताटात नमुने मांडले. अनिकेतने पहिल्यातले दाणे चावले, काकांनीही दोन तोंडात टाकले आणि त्यांची डावी भुवई वर चढली. अनिकेतने दाणे थुंकले. "ये नहीं." दुसरा नमुना, भुवई तिथेच. तिसऱ्याला भुवई खाली आली, ओठ जरा सैल पडले. अनिकेत म्हणाला, "ये ठीक है." आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पण दलाल काय दूधखुळा होता? दोन खेपांत तोही ताट सोडून काकांच्या तोंडाकडेच बघायला लागला. ओठ सैल पडले की भाव चढला. शेवटी रामरतनने आपला गमछा आणून काकांच्या हातात दिला. "काका, मुँह ढक लो. द्वारका में कोई मुँह नहीं देखता."

काका डोक्यावरून गमछा ओढून, दाणे आतल्या आत चावत बसले. दलाल वैतागला. पण गमछ्याखालच्या माणसाचा चपलेतला अंगठा मोकळा होता. चांगलं धान आलं की तो अंगठा हलायचा, आणि अनिकेत खाली मान घालून विचार केल्यासारखा त्याच्याकडे बघायचा. मला हे कळलं होतं, रामरतनला कळलं होतं. काकांना बहुतेक कळलं नव्हतं. की कळलं होतं? कारण एक दिवस ते खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसले. त्या दिवशी अनिकेतने पहिल्यांदा डोळे मिटून दाणे चावले. फार वेळ चावत होता. मग त्याने एक नमुना बाजूला काढला. गमछ्याखालून काहीच हालचाल झाली नाही. ते धान चांगलं निघालं.

महिना होऊन गेला. बॅग परत कपाटावर गेली, पुण्याचं नाव कुणी काढलं नाही.

मी मिल सोडली त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. तोवर काका रोज येत, पण फार वेळ थांबत नसत. एक नवाच दलाल एका नव्या जातीचं धान घेऊन आला. काकांनी वाटेतच दोन दाणे चावले आणि तोंड वाकडं केलं. "ओलं आहे. वासही बरा नाही. नको." अनिकेतने तेच दाणे घेतले, नखाने सोलले, खिडकीपाशी जाऊन बराच वेळ काही तरी बघितलं आणि परत येऊन म्हणाला, "घेऊ या." काका स्कूटर काढून घरी गेले. चार दिवस आलेच नाहीत. काकू म्हणाल्या, जेवतात नीट, पण बोलत नाहीत.

त्या धानाचे पोहे निघाले त्या दिवशी ते आले. कुणालाही न सांगता सरळ चाळणीपाशी गेले. मी दारातून बघत होते. रुंद, पांढरे, अखंड पोहे चाळणीवरून सरकत होते, खाली चुरा जवळजवळ नव्हताच. काकांनी मूठभर उचलले, तोंडात टाकले, सावकाश चावले. आणखी मूठभर उचलले. मग ऑफिसात आले. अनिकेत फोनवर नागपूरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. काका त्याच्या टेबलापाशी उभे राहिले, फोन संपेपर्यंत.

"तुला कसं कळलं रे?"

अनिकेतने फोन खाली ठेवला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मी घाईने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. त्याने खणातून धानाचा एक दाणा काढला, सोलला आणि आतला तांदूळ काकांच्या तळहातावर ठेवला.

"हे बघा. पोटात तडा नाहीये. ओल असली तरी हा तुटणार नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तळहात नाकापाशी नेला. "कुठे तडा?"

"नाहीये, तेच तर. दुसऱ्या धानात बारीक रेघ दिसते, केसासारखी."

"मला काहीच दिसत नाही."

"इथे नाही दिसणार, बाबा. उन्हात चला."

अनिकेतने त्यांचा तो हात, दाणा पडू नये म्हणून, खालून आपल्या हाताने धरला आणि दोघं तसेच, हळूहळू, दारातून अंगणात गेले. टेबलावरचा फोन परत वाजायला लागला. मी उठून घेतला. नागपूरवालेच होते, भाव ठरवायचा राहिला होता.

"दोघंही कामात आहेत," मी म्हटलं. "जरा वेळाने करा."